यंत्राला मराठीत सांगायचं तर

(बुधवारा, बुऱ्हाणपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्य शिकवणाऱ्या बाईनं संगणकावर बोलावं, याचं आपल्यातल्या काहींना नवल वाटलं असेल. निमंत्रण आलं तेव्हा मीच म्हटलं होतं, की हा विषय अभियांत्रिकीच्या माणसाला द्या. पण तयारीसाठी वाचायला बसले आणि लक्षात आलं, की या विषयाचं अर्धं अंग आपल्या अंगणातलं आहे. माणसानं रोजच्या भाषेत एखादं काम सांगावं आणि यंत्रानं ते समजून करायला शिकावं, असा हा विषय आहे. त्यात 'सांगणं' आहे, 'समजणं' आहे आणि 'शिकणं' आहे. तिन्ही गोष्टी मराठीच्या शिक्षकाच्या धंद्यातल्या आहेत. संगणकाची मी जाणकार नाही. वर्गात उभं राहून केस पांढरे झाले, तेवढ्या अधिकारानं चार गोष्टी मांडते.

सुरुवात आपल्या गावापासून करू. यंत्रमागाचा खटखटाट कानावर पडल्याशिवाय बुऱ्हाणपुरात कुणी लहानाचं मोठं झालेलं नाही. संगणकाची एक वंशरेषा मागापर्यंत जाते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार यानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. कोणते धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे पुठ्ठ्यावरची भोकं ठरवत. पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदले. पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली. संगणकाच्या प्रोग्रामला आपण मराठीत 'आज्ञावली' म्हणतो. शब्द फार नेमका आहे. आज्ञांची माळ. माळेत जे ओवलं तेवढंच होणार, एक पुठ्ठा उलटा लागला तर नक्षी बिघडणार आणि मागाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता त्याच कारखान्यात नव्यानं कामाला लागलेला पोरगा डोळ्यांसमोर आणा. त्याला कुणी पुठ्ठ्यांची माळ देत नाही. जॉबर त्याला म्हणतो, "आवाज बदलला की बघ." म्हणतो, "कांडी संपायच्या आत दुसरी तयार ठेव." पोरगा दोनदा बघतो, तिसऱ्यांदा स्वतः करतो, चुकतो, बोलणी खातो. महिन्याभरानं वेगळ्या सुताचं वेगळं कापड लागलं तरी त्याचं अडत नाही. कारण तो त्या वाक्यामागचा हेतू शिकला. 'आवाज बदलला की बघ' यात कोणता आवाज आणि काय बघायचं, यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

आज्ञावलीवर चालणाऱ्या मागापासून सांगण्यावरून शिकणाऱ्या पोरापर्यंत यंत्राला कसं न्यायचं, हा प्रश्न जुना आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यानं १९५० मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शेवटी सुचवलं होतं, की प्रौढ माणसाचं मन यंत्रात उतरवण्यापेक्षा मुलाचं मन उतरवावं आणि मग त्याला शिकवावं. बक्षीस आणि शिक्षा यांनी तर शिकवावंच, पण एखाद्या भाषेत दिलेल्या आज्ञा पाळायलाही शिकवावं. म्हणजे यंत्रापुढं शिक्षक उभा करण्याची कल्पना पाऊणशे वर्षांची आहे.

आजची यंत्रं कशी शिकतात, ते थोडक्यात सांगते. पहिली पायरी वाचनाची. अवाढव्य मजकूर यंत्रापुढं ठेवतात आणि पुढचा शब्द कोणता येईल हे ओळखायला लावतात. या वाचनानं त्याला भाषेचा ओघ कळतो, पण काम सांगितलेलं कळत नाही. अशा नुसत्या वाचलेल्या यंत्राला 'बुऱ्हाणपूरवर दहा ओळी लिहा' म्हटलं, तर ते कदाचित पुढं लिहील, 'किंवा तुमच्या आवडत्या सणावर निबंध लिहा.' त्यानं प्रश्नपत्रिका पाहिल्या आहेत, म्हणून ते प्रश्नपत्रिका पुढं चालू ठेवतं. आपल्या वर्गातही असे विद्यार्थी असतात. वाचलेलं पुष्कळ, विचारलेलं काय ते ठाऊक नाही.

दुसरी पायरी उदाहरणांची. माणसं बसून हजारो जोड्या लिहितात. एका बाजूला सूचना, दुसऱ्या बाजूला ती पाळून दिलेलं चांगलं उत्तर. तिसरी पायरी परीक्षकाची. एकाच सूचनेला यंत्र चार उत्तरं देतं आणि माणूस त्यांचा क्रम लावतो. हे सरस, ते त्याखालोखाल. या क्रमांवरून यंत्र माणसाची पसंती शिकतं आणि तिच्याकडं झुकत जातं.

ओपनएआय या संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट विलक्षण आहे. अशा रीतीनं शिकवलेलं १३० कोटी घटकांचं लहान यंत्र आणि नुसतं वाचन केलेलं १७,५०० कोटी घटकांचं प्रचंड यंत्र यांची उत्तरं माणसांपुढं ठेवली, तेव्हा माणसांनी लहान यंत्राची उत्तरं पसंत केली. पोथ्यांच्या ढिगापेक्षा गुरुजींचे चार महिने उपयोगी पडले म्हणायचे. आणि ते गुरुजी किती होते? सुमारे ४०. कंत्राटावर घेतलेली माणसं, आणि काम बहुतांश इंग्रजीत. यंत्रानं कसं वागावं याचे पहिले धडे एका लहानशा वर्गाएवढ्या माणसांनी घालून दिले.

इथं मला आपला एक जुना ग्रंथ आठवतो. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. ११४ दृष्टांत आहेत, आणि प्रत्येकाची रचना तिपेडी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. आधी सूचना, मग उदाहरण, मग त्या उदाहरणाचा मूळ सूचनेशी मेळ. नुसतं सूत्र दिलं तर शिष्य ते पाठ करील, नुसती गोष्ट दिली तर तो रमेल. तिन्ही मिळून दिलं तर नव्या प्रसंगी कसं वागावं हे त्याचं त्याला उमगेल, असा त्यामागचा विचार दिसतो. हीच परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. केसोबास संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कोणासाठी लिहायचं हे आधी ठरलं, भाषा त्यावरून ठरली.

मग मराठीतल्या सूचना यंत्राला कोण शिकवतं? पुष्कळदा भाषांतर शिकवतं. इंग्रजीत तयार झालेल्या सूचना यंत्राकडूनच मराठीत, हिंदीत उतरवायच्या आणि त्यांवर शिकवायचं, हा सोपा मार्ग आहे. हिंदीसाठी २०२४ च्या जानेवारीत आलेलं 'ऐरावत' हे यंत्रही बऱ्याच अंशी भाषांतरित सूचनांवर तयार झालं. करणाऱ्यांचा यात दोष नाही. मूळ भाषेत लिहिलेल्या सूचना पुरेशा नाहीत, म्हणून भाषांतर करावं लागतं. पण त्यात काय निसटतं, ते पाहू.

'दार लाव' हे वाक्य घ्या. आता घरातल्या बाईचं बोलणं ऐका. 'दार लाव' ही साधी आज्ञा. 'मी निघते, दार लावून घे' म्हणजे मी बाहेर पडल्यावर आतून कडी घाल. 'दार लावून टाक' म्हणजे एकदाचं ते काम उरक. 'दार लावून ठेव' म्हणजे लावलेलं राहू दे, पुढं कारण आहे. 'दार लावून बघ' म्हणजे लागतंय का याची परीक्षा कर. 'दार लावत जा' म्हणजे आजचंच नव्हे, रोजचं सांगते, आणि तू रोज विसरतोस. दार एक, धातू एक, पण कामं सहा. आणि आजेसासूबाई तर आज्ञार्थ वापरतच नाहीत. त्या नुसतं म्हणतात, 'दार उघडंच आहे वाटतं.' ही सातवी आज्ञा, आणि सातांत सर्वांत कडक. इंग्रजीतल्या एका वाक्याचं भाषांतर करून या सातांपैकी किती मिळतील?

आदरार्थाचंही तसंच. आपल्या कितीतरी घरांत मूल आईला म्हणतं, 'पाणी दे', आणि वडिलांना म्हणतं, 'पाणी द्या'. इंग्रजीत वाक्य एकच. भाषांतर करणारं यंत्र सगळ्यांना सरसकट 'तुम्ही' म्हणतं आणि वर 'कृपया' लावतं. घरात कुणी 'कृपया पाणी द्या' म्हटलं तर भांडण झालंय असं आपण समजू!

शब्दांच्या पलीकडं व्यवहार आहे. महाराष्ट्रातला शेतकरी विचारील, 'सातबारा कसा काढायचा?' आपला शेतकरी मराठीतच विचारील, पण खसरा आणि पटवारी म्हणून विचारील. पलीकडे रावेरला तलाठी, अलीकडे शाहपूरला पटवारी. बोलणं सारखं, केळीची शेतं सारखी, कचेऱ्या वेगळ्या. यंत्राची सगळी मराठी उदाहरणं पुण्या-मुंबईकडची असतील, तर ते आपल्या माणसाला शुद्ध मराठीत, अत्यंत नम्रपणे, चुकीच्या राज्याच्या कचेरीत पाठवील. यंत्राला इथं एवढंच शिकवायला हवं, की आधी विचार, 'आपण कोणत्या जिल्ह्यातले?' पण ही उणीव सीमेवर राहणाऱ्यालाच जाणवते. ती उदाहरणं आपणच लिहायची आहेत.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाला शाहपूरकडच्या एका खेड्यातली मुलगी माझ्या वर्गात होती. पत्रलेखनात तिनं भावाला लिहिलं होतं, 'येताना आईचं औषध आणजो, पोचल्यावर फोन करजो.' मी 'आणजो', 'करजो' या दोन्ही शब्दांभोवती लाल गोल केले, समासात 'अशुद्ध' लिहिलं आणि गुण कापले. या 'जो'ची गंमत आपल्याला ठाऊक आहे. वऱ्हाडाकडं आणि आपल्या भागात तो कानावर येतो, निमाडीतही त्याची भावंडं आहेत. 'आण' म्हणजे आत्ता आण. 'आणजो' म्हणजे पुढं वेळ येईल तेव्हा आण, विसरू नकोस, माझा भरवसा आहे. प्रमाण मराठीत त्यासाठी 'आण हं', 'आणशील ना' अशी जुळवाजुळव करावी लागते. बोलीनं ते एका प्रत्ययात बसवलं आहे. ज्याला मी अशुद्ध म्हटलं, ते व्याकरणाच्या दृष्टीनं माझ्या भाषेपेक्षा अधिक नेमकं होतं.

पुढच्या परीक्षेत तिनं 'आणावे' लिहिलं. मी पूर्ण गुण दिले. ती हुशार होती. मला काय आवडतं ते तिनं ओळखलं आणि तीन वर्षं मला आवडेल तेच लिहिलं. शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी तिनं आजीची लग्नातली गाणी जमवून आणली. वाचताना मला ती विचित्र गुळगुळीत वाटली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी सगळी नीट करून लिहिलीत." मी म्हटलं, आजीनं म्हटली तशी उतरवलेली वही आण. ती म्हणाली, "ती चुकीची होती म्हणून ठेवली नाही."

यंत्र शिकवण्याच्या तिसऱ्या पायरीबद्दल वाचताना मला त्या वहीची आठवण झाली. परीक्षक लाल रेघ मारतो आणि शिकणारा त्या रेघेप्रमाणे वळतो. मानवी पसंतीवर शिकवलेली यंत्रं समोरच्याला रुचेल तेच बोलू लागतात, हा दोष अभ्यासकांनी नोंदवला आहे. खरं काय यापेक्षा परीक्षकाला काय भावतं, हे त्यांना लवकर कळतं. यात यंत्राचा दुष्टपणा नाही. माझ्या विद्यार्थिनीचाही नव्हता. प्रश्न परीक्षकाचा आहे. मराठी यंत्राच्या उत्तरांना क्रम लावायला माझ्यासारख्याच परीक्षक बसल्या, तर 'आणजो' म्हणणाऱ्या माणसाला ते यंत्र एक तर समजणार नाही, किंवा समजून सुधारायला जाईल. मी एका मुलीला वळवलं. यंत्र लाखोंना वळवील.

काही चांगली कामं झाली आहेत, तीही सांगायला हवीत. २०२४ मध्ये 'आया' नावाचा सूचनासंग्रह प्रसिद्ध झाला. ११९ देशांतल्या सुमारे ३,००० माणसांनी आपापल्या भाषेत सूचना आणि उत्तरं लिहिली, तपासली. ६५ भाषा, २ लाख ४ हजार जोड्या. त्या ६५ भाषांत मराठी आहे. आपल्या केंद्र सरकारच्या 'भाषिणी' उपक्रमात 'भाषादान' नावाची सोय आहे. तिथं कुणालाही आपल्या भाषेतलं बोलणं आणि लिहिणं देता येतं, इतरांचं तपासता येतं. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' या गटानं मराठीसाठी २८ कोटींहून अधिक शब्दांचा मजकूर जमवून तो सर्वांना खुला केला.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो एक लहान प्रयोग. २०२० मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. मराठी वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं काम तीन गटांना दिलं होतं. खेड्यातली कमी उत्पन्नाची माणसं, शहरातली कमी उत्पन्नाची माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी. ३६ जणांनी मिळून १०९ तासांचं बोलणं दिलं. निष्कर्ष असा निघाला, की गरीब माणसांचं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्याच तोडीचं होतं. आणि त्यांना त्यातून मोबदला मिळाला. भाषेचं काम पदवीधरांचं, हा आपला समज तपासून पाहायला एवढा पुरावा पुरे आहे.

म्हणून अकादमीपुढं तीन सूचना ठेवते. पहिली, मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांच्या खऱ्या सूचनांचा एक संग्रह करावा. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, छिंदवाडा, बुऱ्हाणपूर, सगळीकडून. निबंधातली वाक्यं नकोत. घरात, शेतात, कारखान्यात, दुकानात माणूस माणसाला काम कसं सांगतो, ते हवं. प्रत्येक सूचनेबरोबर कोण कुणाला म्हणालं, कुठं म्हणालं आणि ते काम नीट झालं म्हणजे काय झालं, हेही लिहावं. सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. दुसरी, उत्तरं तपासणाऱ्या मंडळात प्राध्यापक निम्म्याहून कमी असावेत. शिंपी, शेतकरी, मागावरचा जॉबर, अंगणवाडीतल्या ताई असाव्यात. त्यांच्यात मतभेद झाले तर बहुमतानं एक उत्तर ठरवून बाकीची पुसू नयेत. मतभेदही नोंदवावेत, कारण तीही भाषेची माहिती आहे. तिसरी, ज्याचं बोलणं घेतलं त्याची परवानगी घ्यावी, त्याला मोबदला द्यावा आणि संग्रह सर्वांसाठी खुला ठेवावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी आपण का राबायचं? आपली भाषा द्यायची, त्यांनी ती विकायची? माझं म्हणणं एवढंच, की आपण दिलं नाही तरी मराठी बोलणारं यंत्र येणारच आहे, आलेलंच आहे. ते भाषांतरातून शिकलेलं असेल. संग्रह आपला असला, अकादमीच्या नावावर असला, तर निदान अटी घालता येतील आणि यंत्र चुकलं तर बोट ठेवायला काही तरी हातात राहील. आणि समजा यंत्रासाठी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, तरी या प्रदेशातली मराठी विसाव्या-एकविसाव्या शतकात काम कसं सांगत होती, याचा तो पहिला मोठा पुरावा असेल. मी गमावलेल्या त्या वहीसारख्या कितीतरी वह्या त्यात येतील.

आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. १५९० च्या सुमाराचा, फारूकी राजवटीतला. शाळेच्या सहली नेताना मी मुलांना तो नेहमी दाखवते. इथं दुसरी भाषा बोलणारी माणसंही येतील, त्यांनाही वाचता आलं पाहिजे, असं त्या काळी कुणाला तरी वाटलं असणार. दगडात कोरणं यंत्राला शिकवण्यापेक्षा सोपं नव्हतं.

फार वेळ घेतला. जाता जाता एकच काम सांगते. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. आज घरून निघताना कुणी तरी तुम्हाला काही तरी आणायला सांगितलं असेल. ते ज्या शब्दांत सांगितलं, त्याच शब्दांत तिथं लिहा. शेजारी सांगणाऱ्याचं वय आणि गाव लिहा. शब्द सुधारू नका. 'आणजो' म्हटलं असेल तर 'आणजो'च लिहा. ती वही मी तपासणार नाही.